डाळ शिजते ते पाणी : एका रसायन मंडळाच्या प्रकल्प नोंदी

५ जुलै

मंडळाची यंदाची पहिली बैठक. बी.एस्सी.ची चौदा मुलंमुली, प्रयोगशाळेतले काका आणि मी. आजवर आम्ही वर्षाला पंधरा-वीस शाळा करायचो. खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी, हळदीच्या कागदावर साबणाच्या पाण्यानं उमटवलेली लाल अक्षरं, जास्वंदीच्या रसाचे रंग. मुलं हरखतात, टाळ्या पडतात. पण दोन महिन्यांनी त्याच शाळेत गेलं तर "मॅडम, ज्वालामुखी दाखवा" यापलीकडे काही उरलेलं नसतं. मला हे बरेच दिवस सलत होतं.

म्हणून ठरलं: यंदा एकच गाव, एकच विषय, वर्षभर. विषय पाणी. गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातलं, नागपूर-हैदराबाद हमरस्ता सोडून आत. या नोंदींत गावाचं नाव येणार नाही. पाणी वाईट आहे अशी हाकाटी झाली की त्या गावात सोयरीक करायला लोक कचरतात, हे मी दुसऱ्या एका गावात पाहिलं आहे.

१३ जुलै

आपल्याकडे विदर्भात शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे मुलं अजून नवीन वह्यांच्या वासात आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन गाव पालथं घातलं आणि पाण्याचा नकाशा काढला. मारुतीच्या देवळामागची जुनी विहीर, शाळेजवळचा हातपंप, आणि टाकीत पाणी चढवणारी खोल बोअर. नळाला जे येतं ते याच बोअरचं. टोकाला कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे वस्ती, आहे, तिथे आणखी एक हातपंप.

कुठलं पाणी चांगलं, असं विचारल्यावर सगळ्या बायांचं उत्तर एकच. एक आजी म्हणाल्या, "बोअरचं. गोड हाय. डाय पटकन शिजते. विहिरीच्या पाण्यात डाय शिजता शिजत नाई, साबनाले फेसबी येत नाई. ते पानी आमी ढोराले पाजतो."

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. प्रकल्प इथून सुरू करायचा. या बायांनी चाळीस वर्षं चुलीवर जे पाहिलं तेही निरीक्षणच आहे, आणि ते खरं आहे.

१९ जुलै

साबणाची परीक्षा. पाठ्यपुस्तकात सुफेन (हलकं) आणि दुष्फेन (जड) पाणी हे शब्द आहेत, पण मुलांनी ते नुसते पाठ केलेले. दोन सारख्या बाटल्यांत सारखं पाणी, त्यात साबणाच्या द्रावणाचा एकेक थेंब, दर थेंबाला बाटली हलवायची आणि फेस टिकेपर्यंत थेंब मोजायचे.

पहिल्या फेरीत काहीच फरक पडला नाही. मुलं हिरमुसली, मीही चक्रावले. मग लक्षात आलं की घरून आणलेली धुण्याची पावडर म्हणजे डिटर्जंट, त्याला जड पाण्यातही फेस येतो. अंगाचा साबण किसून पुन्हा केलं. बोअरच्या पाण्यात चार थेंबांत फेस उभा राहिला. विहिरीच्या पाण्यात थेंब पडत गेले आणि वर नुसता पांढरा साका जमत गेला. पाण्यातला कॅल्शियम साबणाला धरून बसतो, साबण फेसाला उरतच नाही. फळ्यावर मी समीकरण लिहिलं, पण मुलं साका बोटावर घेऊन चोळून पाहत होती. मी खडू खाली ठेवला.

२ ऑगस्ट

आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची जयंती. जन्म १८६१. पाऱ्याच्या नायट्राइटवरचं त्यांचं काम आणि १९०१ मधली बेंगॉल केमिकल ही रसायनं-औषधांची कंपनी यांविषयी थोडंच सांगितलं. १९२२ च्या बंगालच्या पुरात हा रसायनशास्त्रज्ञ मदतीची सगळी यंत्रणा उभी करत होता, हे मात्र आवर्जून सांगितलं. माझ्या मुलांना हेच राय ठाऊक असावेत असं वाटतं.

फवारणी ऐन भरात आहे, म्हणून पाण्याचा विषय आजच्यापुरता बाजूला ठेवला. २०१७ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी आणि मजूर दगावले. इथल्या मुलांना ते बातमीतून नाही, घरातून माहीत आहे. रिकाम्या डब्यांवरची लेबलं आम्ही कॉलेजातून स्वच्छ करून नेली होती. लेबलावरचा तिकोन: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. एका मुलानं छातीठोकपणे सांगितलं, "हिरवा म्हंजे धोका नाई." बहुतेकांना तसंच वाटत होतं, सिग्नलसारखं. हिरव्या तिकोनाचं औषधसुद्धा विषच आहे, हे मी तीनदा सांगितलं आणि तिघांकडून वदवून घेतलं. हे विष जितकं नाकातोंडावाटे, तितकंच ओल्या सदऱ्यातून कातडीवाटे शरीरात जातं, हे ऐकून मागच्या बाकावरचा मुलगा गप्प झाला. तो बापाला पंप भरून देतो. रिकामा डबा तीनदा खळबळून, भोक पाडूनच टाकायचा, त्यात पाणी किंवा तेल कधीच ठेवायचं नाही, हे घरी सांगायचं काम प्रत्येकानं घेतलं आहे.

२४ ऑगस्ट

आजचा प्रयोग आयुष्यभर लक्षात राहील. पोळा तोंडावर, पाऊस भुरभुर, शाळेच्या पडवीत तीन चुली. सारख्या पातेल्यांत मोजून सारखी तूरडाळ. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात विहिरीचं, तिसऱ्यात कॉलेजातून नेलेलं ऊर्ध्वपातित पाणी. कुकर नाही. दर पाच मिनिटांनी एक दाणा काढून बोटात चिरडायचा आणि वहीत लिहायचं: कच्ची, बोटचेपी, मऊ.

ऊर्ध्वपातित आणि बोअर जवळजवळ बरोबरीनं शिजले. विहिरीच्या पातेल्यातली डाळ तेव्हा नुसती फुगून बसली होती, ती मऊ व्हायला वीसेक मिनिटं जास्त लागली. डाळीच्या पेशींना सांधणारं पेक्टिन असतं, पाण्यातला कॅल्शियम ते आणखी घट्ट करतो. आजींचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं आणि त्या स्वतः हजर होत्या. शेवटी तिन्ही पातेली एक करून वरण झालं, भात शाळेचा होताच.

निघताना आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "मंग बोअरचंच पानी चांगलं झालं ना मॅडम?" मी म्हटलं, अजून एक परीक्षा बाकी आहे.

६ सप्टेंबर

फ्लोराइडची परीक्षा. पिण्याच्या पाण्यात हा जास्त असला की लहानपणी घडणाऱ्या दातांवर कायमचे डाग पडतात. नमुने प्लास्टिकच्या बाटल्यांत घेतले, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून, हातपंप आधी बराच वेळ उपसून. तपासणीच्या पेटीतल्या रसायनात झिर्कोनियम हा धातू आणि एक रंगद्रव्य यांची जोडी असते. फ्लोराइड आला की तो झिर्कोनियमला रंगापासून ओढून नेतो आणि गुलाबी रंग उतरत पिवळ्याकडे जातो. जितका फ्लोराइड जास्त, तितकं पिवळं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात १ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही इष्ट मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत.

विहीर: गुलाबी, १ च्या आत. शाळेचा हातपंप: १.५ च्या पुढे. बोअर: पिवळी, २ आणि ३ च्या मध्ये. पोडावरचा हातपंपही पिवळाच.

पडवीत एकदम शांतता. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो, जिभेला गोड लागतं, त्याच पाण्यात फ्लोराइड. आणि हा योगायोग नाही. कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात फारसं विरघळत नाही. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइडला वाढायला वाव राहत नाही. खोल बोअरचं पाणी वर्षानुवर्षं खडकाशी घासत मुरलेलं असतं. त्यातला कॅल्शियम निघून जातो, सोडियम आणि बायकार्बोनेट वाढतात, आणि मग फ्लोराइड मोकळा सुटतो. म्हणजे पाणी हलकं होण्याचं आणि फ्लोराइड वाढण्याचं कारण एकच. मी हे एम.एस्सी.ला वाचलं होतं. तीन पातेल्यांसारखं डोळ्यांसमोर कधी आलं नव्हतं.

आता जे लिहायचं ते लिहायला हात धजत नाही, पण नोंद पूर्ण हवी. उत्साहाच्या भरात आमच्या एका विद्यार्थ्यानं मुलांना ओळीत उभं केलं आणि दात दाखवायला सांगितलं, फ्लोराइडचे डाग कसे असतात ते समजावं म्हणून. मी पाच पावलांवर बाटल्या आवरत होते, लक्ष गेलं तेव्हा उशीर झाला होता. तीच आठवीतली मुलगी. तिनं ओढणी तोंडावर धरली ती शेवटपर्यंत काढली नाही.

८ सप्टेंबर

मंडळाची तातडीची बैठक. त्या विद्यार्थ्याला कोणी बोललं नाही, तो आधीच रडवेला होता. चूक माझी. पाण्याचे नमुने कसे घ्यायचे हे मी सगळ्यांना महिनाभर शिकवलं, माणसांशी कसं वागायचं ते शिकवायचं राहिलं. नियम केला: कुणाच्या शरीराकडे बोट दाखवायचं नाही. आम्ही पाणी तपासतो, मुलं नाही.

२० सप्टेंबर

ती मुलगी दोन आठवडे आमच्या तासाला बसली नाही. आज मी आणि आमच्यातली एक विद्यार्थिनी तिच्या घरी गेलो. आई म्हणाली, "तिले वाटते तिनं दात नीट घासले नाई म्हून असं झालं." मला गलबलून आलं. मी तिला म्हटलं, घासण्याचा याच्याशी काही संबंध नाही गं. दात हिरडीच्या आत घडत असतात तेव्हा जे पाणी पोटात जातं, त्यानं हे होतं. तुझी काहीएक चूक नाही.

बराच वेळ ती पायाच्या अंगठ्यानं सारवलेली जमीन कोरत होती. मग तिनं विचारलं, "हे डाग जातीन का?" खोटं बोलणं शक्य नव्हतं. घासून जाणार नाहीत, दातांचे डॉक्टर पुढे वरून काही करू शकतात, असं सांगितलं. तिचा अडीच वर्षांचा भाऊ उंबऱ्यात बसून पातीच्या कांद्याशी खेळत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. "याचे?" मी म्हटलं, याचे पक्के दात आत्ता घडताहेत.

पुढचा शब्द तिचाच. "मंग विहिरीचं पानी मी भरतो."

४ ऑक्टोबर

विहिरीचं पाणी प्यायला सांगायचं तर आधी त्याची पूर्ण जबाबदारी घेतली पाहिजे. कठीणपणा, म्हणजे पाण्याचा जडपणा, कॉलेजात ईडीटीए या रसायनानं थेंबाथेंबानं मोजून काढला, लालसर जांभळ्यावरून निळ्यावर रंग जातो ते टायट्रेशन. २०० मिलिग्रॅम प्रतिलिटर या इष्ट मर्यादेच्या बराच वर, पण ६०० च्या परवानगीच्या आत. नायट्रेट ४५ च्या मर्यादेखाली. पण जंतूंची बाटली, पाण्यात जंतू असले की काळी पडते ती, दुसऱ्या दिवशी काळीकुट्ट झाली. कठडा पडका, पावसाचं पाणी आत ओघळतं. म्हणजे आजच्या घडीला हे पाणीही प्यायचं नाही, निदान उकळल्याशिवाय तरी नाही. मुलांना इथे एक गोष्ट नीट कळली: उकळून जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतो. शाळेला कुणीतरी भेट दिलेल्या यंत्रात फक्त अतिनील दिवा आहे. तोही जंतूंपुरताच.

ग्रामपंचायतीच्या कपाटात पाणी तपासायची पेटी निघाली. तीत रसायनांची मुदत संपलेली होती. ज्या बायांनी तिचं प्रशिक्षण घेतलं होतं त्यांना पेटी पुन्हा कधी हातात मिळालीच नव्हती. एका कार्यालयाला पत्र दिलं, पोच घेतली. (जानेवारीपर्यंत उत्तर नाही. नंतर जोडलेली नोंद.)

२३ ऑक्टोबर

मोल दिन, रसायनात कण मोजायच्या एककाचा दिवस. एका मुलानं विचारलं होतं, दीड मिलिग्रॅम म्हणजे किती? हजार लिटरच्या टाकीत दीड ग्रॅम, चिमूटभर. मग ॲव्होगाड्रोचा अंक (एका मोलमधल्या कणांची संख्या) वापरून आम्ही फळ्यावर मोजलं: १.५ च्या मर्यादेवरच्या एका लिटर पाण्यात फ्लोराइडचे कण किती? ४७५ वर १७ शून्यं. शून्यं लिहिताना फळा पुरला, मुलं पुन्हा पुन्हा मोजत राहिली.

१६ नोव्हेंबर

कापूस वेचणी. वर्गात निम्मी बाकं रिकामी. तास घेतला नाही.

७ डिसेंबर

तुरटीचा प्रयोग. फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं बसवली, नाव मात्र तेलंगणातल्या नलगोंड्याचं. पाण्यात तुरटी आणि तिच्या साधारण विसावा हिस्सा चुना, जंतूंसाठी ब्लिचिंग पावडर. दहा मिनिटं ढवळायचं, तासभर निवळू द्यायचं, वरचं पाणी घ्यायचं, खालचा गाळ ढोरांपासून लांब पुरायचा. आजी म्हणाल्या, "आमी तर पावसायात तुरटी फिरवतोच." खरं आहे, पण गढूळपणा बसायला लागते त्याच्या कितीतरी पट तुरटी इथे लागते, आणि किती ते पाण्याच्या क्षारतेवर (अल्कॅलिनिटीवर) ठरतं.

ढगांसारखा पांढरा गाळ खाली उतरताना मुलं बादलीभोवती वाकून बसली होती. निवळलेल्या पाण्याची परीक्षा केली, छान गुलाबी, १ च्या आत. सगळे नाचले. मीही.

१४ डिसेंबर

प्रयोगशाळेतल्या काकांनी आज विचारलं, "मॅडम, तुरटीचा ॲल्युमिनियम पाण्यात उरला असेल, तो फ्लोराइडला धरून ठेवत असेल तर रंगाला काय दिसणार?" मी जागच्या जागी बसले. अगदी बरोबर. ॲल्युमिनियम फ्लोराइडला धरून ठेवतो, तो फ्लोराइड झिर्कोनियमपर्यंत पोचतच नाही, आणि पेटी कमी आकडा दाखवते. पाण्यातून गेला नाही तरी गेल्यासारखा दिसतो. नमुने नागपूरला पाठवायचे. तिथे फ्लोराइड मोजणारा इलेक्ट्रोड आहे, आणि मोजण्याआधी घालतात त्या द्रावणानं ॲल्युमिनियमची पकड सुटते.

११ जानेवारी

नागपूरहून आकडे आले. निवळलेल्या पाण्यात फ्लोराइड कमी झालाय, पण १.५ च्या वरच आहे. शिवाय ॲल्युमिनियम ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या मर्यादेपलीकडे. आमचा चुना-तुरटीचा हिशेब चुकला होता. पद्धत खोटी नाही, पण रोजच्या रोज घरोघरी हा हिशेब कोण ठेवणार? बैठकीत सर्वांचं मत पडलं: घरोघरी तुरटी वाटायची नाही. विहीर दुरुस्त करायची.

गावात जाऊन आधी मुलांना सांगितलं की डिसेंबरात आपण नाचलो ते चुकीच्या आकड्यावर. वाटलं होतं विश्वास उडेल. सातवीतला एक जण म्हणाला, "मंग पुन्हा करू."

२६ जानेवारी

ग्रामसभा. आम्ही मागे बसलो, मुलंच बोलली. तीन बाटल्या, रंगाचा तक्ता, साबणाचा साका, डाळीची वही. बाहेरून आलेल्या कुणीतरी "तुमचं पाणी वाईट" म्हणणं वेगळं आणि घरच्या पोरीनं रंग दाखवणं वेगळं. एक काका उठले, "इतके वर्स पेलो, आमाले काय झालं?" मुलगी म्हणाली, "काका, तुमी लहान होते तवा बोअर कुठी होती? तुमी विहिरीचंच पेले." सभा हसली, काकाही हसले आणि खाली बसले. हे उत्तर मी शिकवलेलं नव्हतं.

ठराव झाला: विहिरीचा गाळ काढायचा, कठडा आणि ओटा बांधायचा, वर जाळी, ब्लिचिंग पावडर बचतगटाच्या बाया ठरल्या मापानं घालतील. पोडावर पाणी कसं पोचवायचं यावर एकमत झालं नाही. आमच्यातला जो विद्यार्थी कोलामी बोलतो, त्यानं पुढच्या सभेत हा विषय पहिला घ्यायला लावला आहे.

२८ फेब्रुवारी

राष्ट्रीय विज्ञान दिन. बांधावरचा पळस पेटलाय. सकाळी मुलांनी फुलं उकळून पिवळा रंग काढला. त्यात चुन्याची निवळी घातली की तो गडद केशरी होतो. होळीसाठी बाटल्या भरून नेल्या. दुपारी विहिरीवर श्रमदान. गाळाची टोपली हातोहात वर येत होती, ओळीत आमचा तो दात दाखवायला सांगणारा विद्यार्थी आणि ती मुलगी शेजारी शेजारी होती.

१५ मार्च

कठडा झाला, जाळी बसली. दोन क्लोरिनेशननंतर जंतूंची बाटली दोन दिवस पारदर्शक राहिली. बोअर बंद केलेली नाही, धुण्याभांड्याला तेच पाणी उत्तम. घरोघरी दोन गुंड (पाण्याचे हंडे) झालेत, पिण्या-रांधण्याच्या गुंडाला लाल दोरा. शाळेत खिचडी करणाऱ्या ताई डाळ रात्रीच भिजत घालतात, वेळेचा प्रश्न बराचसा सुटला. आजी मात्र अजून बोअरच्याच पाण्यात वरण करतात. नातवाचं वेगळं शिजवतात, विहिरीच्या पाण्यात.

पुढची फेरी ५ एप्रिल. उन्हानं विहीर खाली गेली की फ्लोराइड पुन्हा मोजायचा, पोडाचाही. न्यायचं सामान: झिर्कोनियमची नवी बाटली, जंतूंच्या सहा बाटल्या, प्लास्टिकच्या बाटल्या दहा, मार्कर. पिपेट आठवीतल्या मुलीकडेच आहे.